कारखाना कुठे असावा? डहाणूच्या नियमाची गोष्ट

आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्ज, हप्ते आणि बाजार यांबद्दल बोलतो. आज मात्र थोडा इतिहास सांगणार आहोत. कारण गटांच्या बैठकांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. मिरची कांडप किंवा पिठाची गिरणी सुरू करायची, तर जागा कुठली धरायची? आणि आपल्या वस्तीशेजारी कोणी मोठा कारखाना आणला, तर आपलं कोण ऐकणार? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कोणतं काम घरांपासून किती लांब असावं, हे कोणी आणि कसं ठरवायचं?

आपल्या जुन्या गावांनी याचं एक उत्तर काढलं होतं, पण ते अन्यायाचं होतं. कातडी कमावण्याचा वास गावाला नको, म्हणून ते काम गावकुसाबाहेर. कामाबरोबर ते करणारी माणसंही बाहेर. वास काही थांबला नाही, तो त्यांच्या लेकराबाळांच्या वाट्याला गेला. लांब ठेवायचं होतं त्रासाला, लांब ठेवलं माणसांना.

दुसऱ्या तऱ्हेचं उत्तर फ्रान्समध्ये निघालं. नेपोलियनच्या राजवटीत, १८१० साली, दुर्गंधी पसरवणाऱ्या कारखान्यांबद्दल एक हुकूम निघाला. त्यात कारखान्यांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गातले घरांपासून दूरच हवेत. दुसऱ्या वर्गातले जवळ चालतील, पण शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची खात्री पटल्यावरच. तिसऱ्या वर्गातले वस्तीत राहू शकतील, मात्र देखरेखीखाली. इथे काम करणाऱ्याची जात विचारली नाही, काम कसलं आहे ते विचारलं.

आपल्या देशात या प्रश्नाची खरी जाग आली ती भोपाळमुळे. २ डिसेंबर १९८४ ची रात्र. कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. कारखान्यासमोर रस्त्यापलीकडेच दाट गरीब वस्ती होती. मधे अंतर म्हणून काही नव्हतंच. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. अमुक भागात अमुक उद्योग चालणार नाहीत, असं ठरवण्याचा अधिकार या कायद्याने केंद्र सरकारला मिळाला.

हा अधिकार आपल्या महाराष्ट्रात एका तालुक्यासाठी वापरला गेला. तो तालुका म्हणजे डहाणू. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. एका बाजूला समुद्र आणि मच्छीमारांची गावं, मधे चिकूच्या बागा, आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. १९८९ मध्ये तिथे ५०० मेगावॅटच्या कोळशावरच्या वीज केंद्राला मंजुरी मिळाली. राख आणि धूर बागांवर बसेल, खाडी बिघडेल, म्हणून स्थानिक लोक कोर्टात गेले. डहाणूच्या नर्गिस इराणी या लढ्यात पुढे होत्या. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात लोक हरले. वीज केंद्र उभं राहिलं.

पण या लढ्याच्या काळातच दुसरं काही हाती आलं. २० जून १९९१ रोजी केंद्राने अधिसूचना काढली आणि डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. उद्योगांच्या तीन याद्या केल्या. हिरव्या यादीतले चालतील. नारिंगी यादीतले पर्यावरणाची मंजुरी घेऊन चालतील. लाल यादीतल्यांना बंदी. साऱ्या तालुक्यात मिळून उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. बागा, हिरवे पट्टे आणि आदिवासी भाग यांचा वापर बदलायचा नाही. मूळ अधिसूचनेत तर तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टाही उद्योगांपासून मोकळा ठेवायचा होता.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. आमच्या तालुक्याचा विकास अडला, पोरांनी कामासाठी कुठे जायचं, असं म्हणणारे लोक डहाणूतच होते. हा प्रश्न खोटा नाही. रिकाम्या पोटी स्वच्छ हवा पुरत नाही, हे गटातल्या बायांना कोणी सांगायला नको. पण नियमाने उद्योगांना सरसकट नाही म्हटलं नव्हतं. कोणता, कुठे आणि किती, एवढंच विचारलं होतं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. नियम छापून आला म्हणून पाळला जातो असं नाही. १९९४ मध्ये पर्यावरण पत्रकार बिट्टू सहगल यांच्या याचिकेवरून हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. ३१ ऑक्टोबर १९९६ ला न्यायालयाने सांगितलं, की नियमावर लक्ष ठेवायला स्वतंत्र प्राधिकरण नेमा आणि त्यावर निवृत्त न्यायाधीश बसवा. त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचं निधन होईपर्यंत तेच अध्यक्ष होते.

यामुळे लोकांना तक्रार घेऊन जायला एक जागा मिळाली. १९९८ मध्ये वाढवणच्या मोठ्या बंदराला प्राधिकरणाने नकार दिला. १९९९ मध्ये वीज केंद्राला हुकूम केला, की धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवा. ती चालू व्हायला २००७ साल उजाडलं. आठ वर्षं! हुकूम असून, देखरेख असून आठ वर्षं. देखरेख नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आणि नियम बदलतातही. २०२० मध्ये केंद्राच्या पातळीवर बंदरांना लाल यादीतून बाहेर काढलं गेलं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला परवानगी दिली. कोणाला त्यातून रोजगाराची आशा आहे, तर मच्छीमारांना आपला समुद्र जाण्याची भीती आहे. पंचवीस वर्षांत उत्तर नाहीचं हो झालं. म्हणून कारखाना येतो तेव्हा जेवढं लक्ष हवं, तेवढंच यादी बदलते तेव्हाही हवं.

आपल्या गावाला डहाणूसारखं प्राधिकरण नाही. पण काही दारं आपल्यालाही उघडी आहेत. प्रदूषण करणाऱ्या उद्योगाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि तिथेही उद्योगांचे असेच रंग ठरलेले आहेत. अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. त्या दिवशी मांडवात बाया दिसल्या पाहिजेत, आणि आपलं म्हणणं लेखी देऊन पोच घेतली पाहिजे. धूर, घाण, आवाज यांचा त्रास साऱ्या वस्तीला होत असेल, तर प्रांतांकडे अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे.

हाच नियम आपल्या कामालाही लावायचा. कांडप यंत्राची जागा धरताना स्वस्त भाड्याबरोबर शेजारच्या घरातलं तान्हं बाळ आणि दम्याची म्हातारीही मोजायची. गावकुसाबाहेरची जागा स्वस्त मिळते म्हणून तिथे जायचं, तर तिथेही कोणाचं तरी घर आहे. पुढच्या बैठकीत नव्या उद्योगाचा ठराव लिहाल, तेव्हा कर्जाच्या रकमेखाली तीन ओळी वाढवा : हे काम कोणत्या यादीत येतं, सर्वांत जवळचं घर किती पावलांवर आहे, आणि त्या घरातल्या बाईला विचारलं का?