हिटर, रॉड की वाकळ? थंडीतलं लाइट बिल मोबाईलवर कसं मोजायचं

वडवणीत डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे अंग काकडतं. वरून पत्र्याचं घर असेल तर दिवसभराची ऊब सूर्य मावळला की पत्र्यातूनच निघून जाते. मग कुणीतरी ऑनलाइन रूम हिटर मागवतं. मागवायच्या आधी हा हिशोब करा.

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की १ युनिट. २००० वॅटचा हिटर रोज ४ तास लावला तर ८ युनिट, महिन्याला २४०. कंपनी कुठलीही असो, २००० वॅटमधून उष्णता तेवढीच मिळते. "कमी बिलात जास्त गरम" ही नुसती जाहिरात.

महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. १०० च्या पुढच्या युनिटचा वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त आहे. महिन्याला ८० युनिट वापरणारं घर हिटरमुळे ३२० वर जातं. मात्र १०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल महागतं, हा गैरसमज आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटला लागतो.

तुमच्या घरात नक्की काय वीज खातंय, ते मोबाईलवर तपासता येतं. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'इम्प' प्रति युनिट असा आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की १ युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त रॉड लावा, स्टॉपवॉच सुरू करा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लागतो ते मोजा. ८० वेळा लागला तर ८० × ६० ÷ ३२०० = १.५, म्हणजे १५०० वॅट. मोजताना गडबड होत असेल तर व्हिडिओ काढा आणि स्लो करून बघा. मला तरी हे कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं वाटतं.

अंघोळीचं पाणी हा खरा खर्च. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ७० च्या आसपास युनिट! पाणी दुपारी उन्हात काळ्या टाकीत किंवा ड्रममध्ये तापू द्या आणि तेव्हाच अंघोळ उरका. पाणी १० अंश आधीच गरम असेल तर वीज ४० टक्के कमी लागते. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही; आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात.

झोपताना अख्खी खोली तापवण्यापेक्षा अंग गरम ठेवणं स्वस्त. १०० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट तासाभरात ०.१ युनिट घेतं. आजीची वाकळ शून्य.

राहिली शेगडी. दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. "हा वायू मोबाईल ओळखतो" म्हणणारं ॲप दिसलं तर डिलीट करा, फोनमध्ये तसा सेन्सरच नसतो. प्लगमध्ये खोचून बिल निम्मं करणारी डबीही तसलीच. शेकायचंच असेल तर अंगणात शेकोटी पेटवा, आणि विझवून मग आत या.