म्हातारा हब आणि १५० डॉलर

घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो. वय कळले की भाव ठरतो. टेक्सासच्या ‘कटिंग हॉर्स’ने हा हिशेब एकदा पार मोडला होता.

कुंपण नसलेल्या कुरणांत अनेक मालकांची गुरे एकत्र चरत. डाग ओळखून आपले जनावर कळपातून वेगळे काढावे लागे. ते पुन्हा कळपाकडे झेपावे, आणि लगाम सैल असतानाही घोडा स्वतःच्या बुद्धीने त्याची वाट अडवी. ही समज शिकवून थोडीच येते! १८७४ नंतर काटेरी तार पसरली, कामाची निकड ओसरू लागली.

१८९८ साली हॅस्केल गावी या कौशल्याची स्पर्धा भरली. बक्षीस १५० डॉलर. सॅम ग्रेव्हज यांनी कामातून मोकळा केलेला आपला २२ वर्षांचा ‘हब’ पुन्हा बाहेर काढला. बाजारात त्या वयाच्या घोड्याला कोण विचारतो? हब जिंकला.

पुढे १९४६ मध्ये फोर्ट वर्थला संघटना झाली, १९६२ पासून ३ वर्षांच्या घोड्यांची ‘फ्युच्युरिटी’ स्पर्धा. भाव पुन्हा तारुण्याकडे वळला. आता गाय कधी न पाहिलेले शिंगरूही केवळ वंशावळीवर विकले जाते.