पोर्तुगीजांची बोट रेवदंड्याला लागायची

मंडळी, मागच्या आठवड्यात भीमाशंकरच्या घंटेचा फोटो टाकला होता. श्रावणात आपल्या थेरगावातून, चाकणमधून गाड्याच्या गाड्या भीमाशंकरला जातात, पण त्या मोठ्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि १७२९ हे साल आहे, हे बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिलं. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या चर्चच्या घंटांपैकी ही एक, असं मानतात. खाली कमेंटमध्ये एका मित्राने विचारलं, "घंटा आली, विषय संपला. त्या परक्यांच्या पडक्या भिंती कशाला जपायच्या? पडू द्या की." राग नाही आला. प्रश्न खरा आहे. पण उत्तर कमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या दाजींपासून करतो. चाकणच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर दाजी आणि ताई युरोपच्या क्रूझला गेले. बोट सकाळी एका बंदराला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या वेळेत क्रूझवाले स्वतःच्या बसने शहर दाखवतात, त्याचे पैसे वेगळे आणि भरपूर. दाजी पक्के हिशोबी. म्हणाले, "आपण आपलं चालत बघू." आणि त्यांना जमलंही, कारण ही जुनी बंदरं मुळात पायी फिरायच्या मापाचीच आहेत. धक्का, जकातीचं ठाणं, वखार, चर्च, तट, सगळं हाकेच्या अंतरावर. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी माल डोक्यावरून आणि हातगाडीवरून जायचा, मग शहर लांब पसरणार कसं? अट एकच. बोट सुटायच्या आधी परत यायचं. कंपनीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही एकटे अडकलात तर निघून जाते. दाजी दर बंदरावर दीड तास आधीच परत.

लिस्बनला त्यांनी बेलेम पाहिलं. १४९७ मध्ये वास्को द गामा तिथूनच निघाला होता. मग नदीकाठचा भव्य चौक पाहिला. मला फोटो दाखवून म्हणाले, "इथून बोटी आपल्याकडे यायच्या बघ."

दाजींना म्हटलं, जागा बरोबर, पण तुम्ही पाहिलेलं शहर ते नव्हे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या, मग आग लागली. बेलेम वाचलं. पण नदीकाठचा राजवाडा गेला, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार जिथून चालायचा ते 'कासा द इंडिया' कागदपत्रांसकट गेलं. आजचा चौक त्यानंतर बांधलेला आहे. म्हणजे ज्या धक्क्यावरून जहाजं निघायची तो धक्का जागेवर नाही. पोर्तुगीजांची जहाजं आपल्याकडे जिथे लागायची त्यातली एक जागा मात्र आहे. डांगे चौकातून दीडशे किलोमीटरच्या आत.

दाजी म्हणाले, "मग चल की."

पहाटे पाचला निघालो. खोपोली, पेण, वडखळ (ट्रॅफिकबद्दल न बोललेलं बरं), अलिबाग, रेवदंडा. नियम दाजींच्या क्रूझचाच. गाईड नाही, चालत फिरायचं, चार वाजता बोट सुटणार.

रेवदंड्यात आधी किल्ला शोधावा लागतो, कारण आपण त्याच्या आतच उभे असतो. गावाभोवतीचा तट हाच किल्ला, आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. एका वाडीच्या कडेने जाताना एकदम चर्चची कमान समोर येते. वर आभाळ, खाली झावळ्या वाळत घातलेल्या. आम्ही बिचकत उभे होतो तर वाडीतल्या आजी म्हणाल्या, "या हो आत, बघायला येतात माणसं." सातखणी मनोराही तसाच झाडांतून डोकं काढून उभा आहे. नावात सात मजले, उभे आहेत चार. शेजारच्या माहितीफलकावर इतका गंज होता की दाजींनी चष्मा पुसून पाहिला, मग नाद सोडला. आणखी पुढे तटाचा दगड नव्या कुंपणात बसवलेला दिसला. कोणाचं कुंपण ते विचारलं नाही.

आता हे बंदर काय होतं ते थोडक्यात. चौल हे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासूनचं बंदर. रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला, रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही पुढच्या काही वर्षांत त्यांनी निजामशाहीकडून परवानगी मिळवून वखार घातली, मग किल्ला उभारला. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज आला, त्याने इथे दोन गावं पाहिली, एक पोर्तुगीजांचं, एक मुसलमानांचं. तटाच्या आतलं ते रेवदंडा, आणि जुनं ते चौल. होर्मुझचे घोडे, चौलचं रेशीम, मसाले, सगळं इथून ये-जा करायचं. आणि समुद्रात जहाज घालायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे, नाहीतर माल जप्त. आपल्याच किनाऱ्यावर आपल्याच व्यापाऱ्याला परवाना! हा तट त्या जबरदस्तीचा आहे, ते लपवायचं कारण नाही.

पण तो पाडायला किती जणांनी किती वेळा जोर लावला तेही बघा. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने कित्येक महिने वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. दोघांनाही यश आलं नाही. १५९४ मध्ये निजामशाहीने खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला, रेवदंड्यावर वरून तोफा डागायला. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी तोच घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा दिला. आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर, १७४० च्या तहात रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. म्हणजे पावणेदोनशे वर्षं जे साधलं नाही ते आपल्या माणसांनी साधलं. मित्रा, ते किती अवघड होतं हे पुस्तकात वाचून नाही कळत. तटाखाली उभं राहून मान वर केली की कळतं. भिंत पडली तर उद्या कोणाला काय दाखवणार, नुसता पुतळा?

दुसरं म्हणजे कागद. लिस्बनचे पुष्कळ जळाले, बरेचसे गोव्यात राहिले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात उभी हयात घालवून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' लिहिलं, मराठीत. मिळालं तर जायच्या आधी वाचा. तोंडओळख हवी असेल तर गेरसन द कुन्हा यांचं चौल आणि वसईवरचं १८७६ चं इंग्रजी पुस्तकही आहे.

आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला तिथे जाईपर्यंत फक्त ऐकून माहीत होती. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात चहा घेतला, शेजारी दोघीजणी भांडत होत्या. ऐकू मराठीसारखं येत होतं, हेल तोच, पण शब्द एकही ओळखीचा नाही. ही 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. शब्द पोर्तुगीज, वाक्य आपल्यासारखं, क्रियापद शेवटी. १७४० मध्ये साहेब लोक गेले, इथली गोरगरीब ख्रिस्ती माणसं राहिली आणि त्यांनी ती बोली पावणेतीनशे वर्षं घरात जपली. आज बोलणारे जेमतेम हजारभर. दाजींनी आठ दिवस युरोप पाहिला, पण पोर्तुगीज शब्दांची भांडणं त्यांनी कोर्लईत ऐकली! ही माणसं परकी कशी म्हणायची? मराठ्यांच्या राज्यात राहिली, आजही मुरूड तालुक्यातच राहतात.

एक कबुली. आमचा चारचा नियम मोडला. किल्ल्यावरून खाडी, दीपगृह आणि पलीकडचा रेवदंड्याचा तट एका नजरेत दिसतो. तिथून दाजींना उठवता उठवता पाच वाजले. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझही याच किनाऱ्याने जाते, पण रात्री. डेकवर गाणी चालू असतात, कोर्लई अंधारात मागे पडतं.

परत येताना रोहा-नागोठणे करून पालीला थांबलो. बल्लाळेश्वराच्या देवळातही चिमाजी अप्पांनी दिलेली युरोपी घंटा आहे. दाजींनी ती वाजवली, मग जवळ जाऊन अक्षरं लागतात का बघत राहिले. मागे रांग लागली, तेव्हा बाजूला झाले.

ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा. दिवाळीनंतर वसईला जाऊ, थेरगावातून पहाटेच निघू. आणि कोणाचं आजोळ रेवदंडा-चौलकडचं असेल, घरात तटाचे, मनोऱ्याचे जुने फोटो असतील, तर कमेंटमध्ये टाका. मनोऱ्याचा पाचवा मजला कोणाच्या फोटोत दिसतो का ते मला बघायचंय.