पुंगळीच्या तळाची छिद्रे

शिकारी रायफलीचे काडतूस घरी पुन्हा भरायचे, तर पितळी पुंगळी कोणती निवडावी, याचे उत्तर १८६६ सालात सापडते. त्या वर्षी इंग्लंडच्या बॉक्सर यांनी आणि अमेरिकेच्या बर्डन यांनी काडतुसाच्या टोपीच्या निरनिराळ्या रचनांची पेटंटे घेतली. बॉक्सरच्या पुंगळीस तळाच्या मध्यभागी एकच छिद्र. उडालेली टोपी सळईने सहज ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीत टोपीची ऐरण तळातच घडविलेली, छिद्रे बहुधा दोन, कडेला, सळई अडते. नवल असे, की अमेरिकेने बॉक्सरची रीत उचलली, युरोपात बर्डनची रुजली. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यास याचाही हातभार लागला.

१९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडील शिकारीचा काळ सरला. तरीही आम्हा संस्थानी गावांतील जुन्या घरांत एखादी रिकामी पुंगळी निघाली, तर मोडीत घालण्यापूर्वी आत डोकावून छिद्रे मोजावीत. तिचे कूळ तेथेच कळते.