टपावरचे गठ्ठे आणि पिळाची सळई

सोलापुरात कुठलीही छोटी मालवाहू गाडी दिसली की तिला ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव मुळात हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्यांचे. 1958मध्ये नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली आणि तीनचाकी हॅन्सिआट आपल्या रस्त्यांवर आली. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून चारचाकी मॅटॅडोर निघू लागली. या नावाची गाडी जर्मनीत 1949पासून धावत होती. आपल्याकडे ती इतकी रुळली की डबा-बॉडीची कोणतीही गाडी लोकांच्या तोंडी ‘मॅटॅडोर’ झाली. आमच्या घरची जुनी डिझेल व्हॅन वेगळ्याच कंपनीची होती, पण गल्लीत तीही मॅटॅडोरच.

बाबा पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून चादरी आणि टॉवेल उचलून तुळजापूर, उस्मानाबाद, लातूरच्या दुकानांत पोचवायचे. आतली जागा संपली की उरलेले गठ्ठे टपावर चढत. मूळ गाडीला टप नव्हता. तो बाबांनीच लोखंडी पट्ट्या जोडून करून घेतला होता. गाडी घेतली तेव्हाच ती कोणाच्या तरी हाताखालून गेलेली. कमानीचे पाटे थकलेले, शॉकअप नावालाच.

1996च्या नवरात्रात आम्ही घरचे सगळे माल घेऊन निघालेल्या त्या गाडीतूनच देवीला गेलो. सोलापूरहून तुळजापूर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. पण शेवटी बालाघाटाची चढण लागते. एका वळणावर समोरून एसटी आली, बाबांनी स्टिअरिंग झटकन आत घेतले, आणि गाडी बाहेरच्या बाजूला कलली. कलली ती कललीच. मी आजीच्या अंगावर, आजी दारावर. मग गाडी हळूच परत सरळ झाली. कोणी ओरडले नाही. रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणारी माणसे थांबून आमच्याकडे पाहत होती, एवढे आठवते. परतताना आई गाडीत बसली नाही. आजीला घेऊन ती एसटीने आली.

दुसऱ्या दिवशी बाबा मिस्त्रींकडे गेले, मी मागे. मिस्त्रींचे अर्धे आयुष्य अँबेसेडरच्या खाली गेले होते. त्यांनी गाडी बाजूने ढकलून पाहिली आणि म्हणाले, “मालक, हिला पुढनं बार न्हाई. भंगारातनं एक मिळतोय का बघू.”

बार म्हणजे स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग-पोलादाची जाड सळई. मधला आडवा भाग रबरी बुशमधून चासीला धरलेला असतो, दोन्ही टोके दोन चाकांकडच्या हातांना जोडलेली. ती काय करते हे मला मिस्त्रींनी टॉवेलवर समजावले. ओल्या चादरीची दोन टोके दोघांनी धरली आणि दोघांनीही एकाच दिशेला फिरवली, तर पीळ बसत नाही. चादर नुसती गोल फिरते. पण एकाने धरून ठेवले आणि दुसऱ्याने फिरवले की पीळ बसतो, आणि पीळ बसला की चादर उलट जोर लावते. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली तर सळई बुशमध्ये नुसती फिरते. गाडी वळणावर कलली, एका बाजूची स्प्रिंग दबली आणि दुसरी सुटली, की सळईला पीळ बसतो आणि ती गाडीला सरळ करू पाहते.

या साध्या सळईचा इतिहास कॅनडात सुरू होतो. न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 1919मध्ये तिचे पेटंट मिळाले. पण नंतरही बरीच वर्षे ती फारशी कोणी बसवली नाही. तेव्हाच्या मोटारींच्या स्प्रिंगा मुळातच कडक होत्या आणि गाडी थोडी कलणारच, हे लोकांनी धरलेले होते. प्रवास मऊ व्हावा म्हणून स्प्रिंगा मऊ झाल्या, पुढची चाके एकमेकांपासून सुटी झाली, तेव्हा कलणे वाढले आणि सळईची गरज पडली. 1950नंतर ती सर्रास दिसू लागली. अँबेसेडरच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग म्हणून पिळाच्या सळयाच असत, त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताला ही जात ओळखीची होती.

चार-पाच दिवसांनी भंगारवाल्याकडून एक बार आला. कोणत्या गाडीचा ते कोणाला माहीत नव्हते. मिस्त्रींनी आधी तो रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. वाकलेल्या कोपऱ्यांवर त्यांनी पाच मिनिटे नजर ठेवली. रेघ आली नाही.

बार थोडा रुंद होता. गॅसने तापवून वाकवू, असे बाबा म्हणाले. मिस्त्री ऐकेनात. तापवले की पोलादाचे पाणी उतरते, मग ती स्प्रिंग राहत नाही. बारवर वेल्डिंग नाही, त्याला भोकही नाही. जे काही जुळवायचे ते पकडीत आणि लिंकमध्ये. जास्त जाडीचा बार शोधू का, या प्रश्नालाही त्यांनी मान हलवली. सळईचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो हे मी पुढे कॉलेजात शिकलो. 18 मिलिमीटरऐवजी 20 घेतली तर जोर दीडपट होतो. मिस्त्रींना घात माहीत नव्हता, पण दोन सुताने काय होते ते माहीत होते. आणि बार पुढेच हवा. नुसत्या मागच्या बाजूला कडक बार टाकला तर वळणावर शेपूट सुटते. बुश मात्र त्यांनी नवीन घेतले आणि त्यांचे नट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळले.

गाडी बदलली. शहराबाहेरच्या वळणावर बाबांनी मुद्दाम दोनदा फिरवून पाहिली आणि खुशीत म्हणाले, “आता वर अजून दोन गठ्ठे बसतील.”

तो दिवस मला त्या घाटापेक्षा जास्त आठवतो. सळईने कलणे कमी केले होते, गठ्ठ्यांची उंची नाही. गाडी उलटते ती वजन किती उंचावर आहे आणि चाके किती रुंद उभी आहेत यावर. तो हिशेब बारने फारसा बदलत नाही. उलट, आधी गाडी कलून सांगायची की आता पुरे. आता ती गप्प झाली होती.

आईला यातले काही माहीत नव्हते. तिने एवढेच विचारले, “ओझं खाली आलं का?” बाबा म्हणाले, सिद्धेश्वराचा नंदीध्वज केवढा उंच असतो, तरी सरळ चालतो की नाही? “तो पेलणारा यात्रेआधी सराव करतो,” आई म्हणाली, “आणि त्याच्या टोकावर कोणी माल बांधत नाही.”

नोंदणीपत्रातले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करायला 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. आमचा टप त्यात बसतो का, बार बसतो का, हे तेव्हा आम्ही कोणालाच विचारले नाही. आज मी आधी तिथे जाऊन विचारेन.

बाबा आठ दिवस गप्प होते. मग एका रविवारी त्यांनी टपाचे नट सोडले. जास्तीच्या मालासाठी दुसरी खेप करायची ठरली. डिझेल वाढले, नफा घटला, आणि ते त्यांनी बरेच महिने बोलून दाखवले. बार मात्र गाडी विकेपर्यंत तसाच राहिला.

पुढच्या नवरात्रात आई पुढच्या सीटवर बसली. टप आमच्या गच्चीवर चार विटांवर ठेवला होता. उन्हाळ्यात आजी त्यावर मिरच्या वाळत घालायची.