शकुंतलेचे रूळ आणि अलास्काची नळी

धनज बुद्रुक हे कारंजा तालुक्यातील गाव. कापसाचा मुलूख. तालुक्याच्या गावाहून, म्हणजे कारंजा लाडहून, पूर्वी एक छोटी गाडी जात असे. कागदोपत्री ती मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. वऱ्हाडात तिला सगळे 'शकुंतला' म्हणत. दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला.

हा मार्ग सरकारचा नव्हता. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर आणायचा, तेथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर, असा तो हिशेब होता. गाड्या चालवण्याचे काम जी.आय.पी. रेल्वेकडे होते. ती १९२५ साली सरकारकडे आली आणि १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. रूळ मात्र कंपनीचेच राहिले. करार मुदतीचा असे व पुन्हा पुन्हा वाढवला जाई. त्याप्रमाणे उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा कंपनीला मिळे. किलिक निक्सन पुढे भारतीय मालकांकडे गेली, तरी लोकांच्या तोंडी 'इंग्रजांची रेल्वे' हेच नाव टिकले.

आता प्रश्न असा, की अशा मार्गाचे स्लीपर कुजले तर ते बदलायचे कोणी? मालकाचा हिस्सा जुन्या रुळांवरूनही येतच राहतो, मग तो नवे कशाला घालील? आणि चालवणारा दुसऱ्याच्या मालमत्तेत भांडवल कशाला ओतील? माझ्या मते शकुंतलेचे दुखणे इंजिनात कमी आणि या कोड्यात जास्त होते. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले, तरी वेग वाढला नाही. तो इंजिनावर नव्हे, रुळांवर ठरत होता.

रूळ एका दिवसात खराब होत नाहीत. स्लीपरखालची खडी दोन कामे करते : गाडीचा भार जमिनीवर पसरवते आणि पावसाचे पाणी निचरून टाकते. खडीत माती भरली की पाणी साचते, स्लीपर हलू लागतात आणि रुळांमधले अंतर बिघडते. यावर स्वस्त उपाय एकच, गाडी हळू चालवणे. शकुंतलेवर वेगाची मर्यादा ताशी वीस किलोमीटरपर्यंत खाली आली होती. मुलांना गणित घालून पाहा : मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, कोठेही न थांबता किती वेळ लागेल? साडेपाच तासांहून अधिक. त्यात वाटेतली स्टेशने धरायची राहिलीच.

अशीच गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कातील प्रुडो बे या तेलक्षेत्रात घडली. तिथे चालवणारी कंपनी मालकांपैकीही एक होती : बी.पी. ही बडी कंपनी. तिचा २००६ सालचा नफा सुमारे २२ अब्ज डॉलर होता, म्हणजे पैशाची अडचण नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या ३४ इंची नळीला पडलेल्या लहानशा भोकातून सुमारे दहा लाख लिटर कच्चे तेल बर्फावर सांडले.

भोक पडले कसे? तेलक्षेत्र जुने झाले, तेल कमी येऊ लागले आणि नळीतला प्रवाह मंदावला. संथ पाण्यात गाळ बसतो तसा नळीच्या तळाशी गाळ व पाणी साचले. त्या थराखाली जिवाणू वाढतात आणि त्यांच्या क्रियेने पोलाद आतून खाल्ले जाते. बाहेरून काही दिसत नाही. त्यासाठी तेलाच्या दाबाने नळीतून सरकत जाणारे एक यंत्र असते. धंद्यात त्याला 'पिग' म्हणजे डुक्कर म्हणतात! साधे पिग गाळ खरवडते, हुशार पिग भिंतीची जाडी मोजते. फुटलेल्या नळीतून हुशार पिग शेवटचे फिरले होते १९९८ साली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या नळीची तपासणी झाली, तीही जागोजाग पातळ निघाली आणि उत्पादनाला कात्री लावावी लागली. पुढच्या वर्षी कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड व भरपाई मिळून दोन कोटी डॉलर द्यावे लागले. २२ अब्जांतून दोन कोटी म्हणजे किती टक्के, हे गणितही वर्गात घेण्याजोगे आहे.

शकुंतलेची नळी फुटली नाही, म्हणून तिची बातमी जगभर गेली नाही. ती नुसती हळू होत गेली आणि गेल्या दशकात मूर्तिजापूर-यवतमाळ व मूर्तिजापूर-अचलपूर हे दोन्ही फाटे बंद पडले. ब्रॉडगेज करण्याची घोषणा २०१६ साली झाली. एस.टी.पेक्षा तिकीट स्वस्त म्हणून तासन्‌तास त्या डब्यांत बसून जाणारे मजूर, त्यांची गाठोडी आणि शेळ्या आता एस.टी.ने किंवा वडापने जातात.