भिवापूरची मिरची आणि भिवापूरची पेठ

नागपूरहून उमरेडच्या वाटेने पुढे गेले की भिवापूर लागते. गाव लहान, पण नाव मोठे; आणि ते नाव मिरचीने केले.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. पुढे भिवापूर-कुहीच्या मातीत ती अशी रुजली, की तिचा लालभडक रंग हीच तिची ओळख झाली.

आता पाहा, पेठ कशी जगते? तीन-चार किलो ओली लाल मिरची वाळवावी, तेव्हा किलोभर वाळकी मिळते. ती सातऱ्यावर पसरायची, बायाबापड्यांनी देठ खुडायचे, प्रत लावायची, पोती भरायची. हमाल, गाडीवान, अडत्या, चहावाला या साऱ्यांची चूल त्यावर पेटते. म्हणजे गाव नुसत्या पिकावर जगत नाही; पिकावर गावातच जे काम होते, त्यावर जगते.

पुढे चुरडा-मुरडा रोगाने शेतकरी जेरीस आला. संकरित वाण जास्त पिकू लागले, सोयाबीन-कापसाने जमीन घेतली. जुनी मिरची मागे पडली, तशी पेठेची मिळकतही आटली.

कर्नाटकातल्या ब्याडगीकडे पाहा. तिथल्या मिरचीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावाने बाजार तर राखलाच. शिवाय मिरचीतला रंग काढणारे कारखानेही आसपास उभे राहिले. भिवापुरी मिरचीलाही 2016-17 मध्ये हे मानांकन मिळाले. 1999 च्या कायद्याप्रमाणे ही नोंद दहा वर्षांची असते. पुढे ती वाढवून घ्यावी लागते. शेतकऱ्यानेही अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवायचे असते. नाही तर मान गावाला, आणि पैसा भलत्याच्याच गाठीला!

तेव्हा बंधूंनो, बियाणे शुद्ध राखा. वाळवण, दळण, पुडी बांधणे शक्य तितके गावातच होऊ द्या. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वेगाडी रुंद मार्गासाठी 2019 मध्ये थांबली. वाहतूक सुधारणे चांगलेच. पण कच्चा माल जर तसाच भरून गेला, तर मोठी गाडी तो फक्त लवकर नेईल. गुरुजींनी मुलांकडून एवढे गणित जरूर करवून घ्यावे: किलोभर मिरचीचे किती आले, किलोभर तिखटाचे किती आले, आणि मधला पैसा कोणत्या गावात राहिला?